काचेच्या आतलं कुंकू

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हार पडायचे, फक्त माझ्या खोलीतल्या यंत्राला नाही. तिथे आम्ही सिरॅमिकच्या पट्ट्यांवर धातूचा थर चढवायचो, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. धुळीचा एक कण पडला की पट्टी बाद. म्हणून हार, हळदकुंकू, पेढे, सगळं काचेबाहेर, स्विचबोर्डाला. प्रोसेस इंजिनिअर म्हणून वीस वर्षं मी हा नियम इतका कडक पाळला की मी दिसलो की लोक "सोवळं आलं" म्हणायचे. म्हणेनात का.

शेवटच्या वर्षी ऑर्डरी आटलेल्या. परदेशी माल स्वस्त पडतो म्हणून गिऱ्हाइकं एकेक करून गेलेली. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीने तेवढा नमुन्याचा लॉट मागवला होता. तो पास झाला तर खोली चालू राहणार, नाहीतर कुलूप. मॅनेजरने हे सगळ्यांसमोर सांगितलेलं.

यंत्र ताई चालवायच्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि थराचा नुसता रंग बघून जाडी सांगायच्या. लॉट चढवायचा होता नेमका खंडेनवमीला. त्यांनी दबकत विचारलं, "सर, यंदा आत कुंकवाचं एक बोट लावू का? यंत्राच्या दारालाच, बाहेरून."

वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलेलं. देवाबिवावर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसलेली. लावा म्हटलं.

घाबरायला कारण होतं. यंत्रातली हवा ओढून काढणाऱ्या पंपाचं तेल खराब झालंय, हे मला ठाऊक होतं; त्याची वाफ पट्टीवर बसली की थर धरत नाही. ते बदलायचं तर यंत्र दोन दिवस बंद, आणि माल द्यायचा होता परवा. एवढा लॉट निघेल, असं मी स्वतःला समजावलेलं.

कसलं काय. थर घट्ट बसलाय का ते बघायला त्यावर चिकटपट्टी लावून ओढतात. ताईंनी ओढली आणि दुधावरची साय यावी तसा अख्खा थर उचलून आला. दुसऱ्या पट्टीचं तेच, तिसऱ्या पट्टीचं तेच. मी एक पट्टी उजेडात तिरकी धरली. तेलाची पुसट झाक दिसत होती. ताईंनी ती बघितलीच नाही. त्या दारावरच्या कुंकवाकडे बघत रडत होत्या.

मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये बोलावून कारण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं. मी आत कुंकू लावलं." परवानगी मी दिलेली, हे त्या बोलल्या नाहीत. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. माझ्या मुलीच्या कॉलेजची अजून तीन वर्षं बाकी होती. मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण संध्याकाळी रिपोर्टही लिहिला: बाहेरचे कण, ऑपरेटरची चूक. नालायकपणा, दुसरा शब्द नाही.

ताईंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दिवाळी झाल्यावर खोलीला कुलूप लागलंच, यंत्र भंगारात गेलं आणि मीही घरी बसलो. एवढं खोटं लिहून नोकरी टिकली जेमतेम दीड महिना. आता मी ठाण्यात, खोपटच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चिपचे कारखाने येणार म्हणतात, सर, यात स्कोप आहे का, असं मुलं विचारतात. मी हो म्हणतो. आणखी काय म्हणणार?

गेल्या महिन्यात वर्तकनगरला भाजी घेताना ताई दिसल्या. बरोबर लेक होती. खूप वाळलेल्या. नंतर कुठेच काम मिळालं नाही, म्हणाल्या. नव्या ठिकाणचे लोक मागच्या कंपनीत चौकशी करतात आणि मग परत बोलवत नाहीत. आता सांगून टाकायचं, असं मी मनाशी ठरवतच होतो, तेवढ्यात त्यांनी भर रस्त्यात हात जोडले.

"सर, माझ्यामुळे तुमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. रोज आठवतं हो. मला माफ करा."

लेक खाली बघत उभी होती. माझ्याकडून एक वाक्य आलं असतं तरी पुरलं असतं.

"जाऊ द्या ताई," मी म्हणालो, "मी केव्हाच माफ केलं."

त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. घर जवळच आहे, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, म्हणाल्या. आणि मी गेलो.