तिसऱ्या चंद्रावरचे सेफ्टीकाका

सेफ्टीकाकांच्या घरी सिनेमा सुरू व्हायच्या आधी ते टीव्हीसमोर उभे राहून सांगायचे, "बाहेर पडायला दोन दारं आहेत. एक पुढचं, एक स्वयंपाकघरातून मागे. फायर एक्स्टिंग्विशर फ्रिजच्या शेजारी. काही झालंच तर सगळ्यांनी ड्राइव्हवेवर जमायचं आणि डोकी मोजायची." आम्ही पाच-सहा जण सोफ्यावर आणि गालिच्यावर पसरलेले असायचो, हातात काकूंनी दिलेल्या साबुदाणावड्यांच्या प्लेट. कोणी फिदीफिदी हसलं तर काका थांबून त्याच्याकडे बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मग पडदे ओढले जायचे, आणि टीव्हीवर बाथरूमच्या पडद्याचे पंख लावलेला एखादा राक्षस शहरावर चालून यायचा.

मी तेव्हा ह्यूस्टनला मास्टर्स करत होते. काकांचं घर जवळच्या शुगर लँड या उपनगरात. ते एका पाइपलाइनच्या कंपनीत होते आणि तिथे व्हॉल्व्ह तपासणं हे त्यांचं काम होतं. काकू भूलतज्ज्ञ. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि दर शनिवारी दुपारी आम्हां विद्यार्थ्यांचा तळ त्यांच्याकडे पडू लागला. आम्ही जायचो ते काकूंच्या हातचं जेवायला आणि काकांच्या सिनेमांना हसायला. हे आम्ही आपसात उघड बोलायचो. काकांसमोर मात्र नाही.

काकांना वाईट विज्ञानपटांचं व्यसन होतं. दुकानांत मोडीत काढलेल्या डीव्हीडींची टोपली असते ना, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ते सिनेमे शोधत. चांगले, गाजलेले सिनेमे त्यांनी कधी आणले नाहीत. "ते बघायला सगळं जग आहे," म्हणायचे. त्यांचे सिनेमे म्हणजे यान दोरीला लोंबकळणार, मंगळावर मागे विजेचे खांब दिसणार, आणि शास्त्रज्ञ झालेली बाई एका परीक्षानळीतलं निळं पाणी दुसऱ्या परीक्षानळीत ओतत राहणार. आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो. काका हसायचे नाहीत. मधेच सिनेमा थांबवून पडद्याजवळ जायचे आणि बोट ठेवून सांगायचे, "हा हात बघा. शॉवर कर्टन आहे, आत सोफ्यातला फोम. दोन माणसांचं तीन आठवड्यांचं काम आहे हे."

एकदा आमच्यातला नागपूरचा अमोघ न राहवून म्हणाला, "काका, त्या राक्षसाची मागून झिप दिसून राहिली ना!"

"दिसणारच," काका शांतपणे म्हणाले. "आत माणूस आहे. त्याला बाहेर पडायला नको का?"

सिनेमा संपला की आम्ही प्लेट उचलायला उठायचो, पण काका उठू द्यायचे नाहीत. शेवटच्या पाट्यांवरची नावं ते एकेक करून मोठ्याने वाचायचे. दिवे सांभाळणारा, वायर ओढणारा, सँडविच आणणारा, सगळे. "आमच्या कामाचं असं असतं," ते एकदा म्हणाले. "तीस वर्षं व्हॉल्व्ह तपासले. नीट तपासले म्हणून काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून कोणाला माझं नाव माहीत नाही. निदान यांचं तरी वाचावं." मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या सिनेमांची गोडीही लागली होती आणि तिची लाजही वाटत होती. लॅबमध्ये कोणी विचारलं तर शनिवारी नातेवाइकांकडे जाते असं सांगायचे. आपण सिंथेटिक रबराच्या ऑक्टोपसला घाबरून ओरडलो हे कसं सांगणार?

मग एका वसंतात काकांनी जाहीर केलं की ते स्वतः सिनेमा करणार. मराठीत. नाव 'तिसऱ्या चंद्राची हाक'. कॅमेरा आणि एडिटिंग माझ्याकडे, कारण माझ्याकडे बरा लॅपटॉप होता. यानाचा कप्तान काका स्वतः, यानावरच्या डॉक्टर काकू आणि परग्रहवासी अमोघ. पोहायच्या तलावात मुलं धरतात ते फोमचे लांब नळे हिरवे रंगवून त्याला सोंडा केल्या होत्या. यान म्हणजे काकांचं गॅरेज.

इंजिनियर आणि डॉक्टर मिळून सिनेमा करतात तेव्हा काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. यानाच्या इंधनाची नळी काकांनी अशी बिनचूक जोडली होती की खरंच वापरता आली असती. तिच्यामागे गवत कापायचं यंत्र उभं होतं, ते कोणाला हलवावंसं वाटलं नाही. परग्रहवासीयाचं ऑपरेशन होतं तेव्हा काकूंनी हात वर केले. "पेशंटची कन्सेंट कुठाय? मी सहीशिवाय भूल देत नाही." अर्धा तास वाद झाला. शेवटी अमोघने कागदावर सोंडेचा ठसा उमटवला, तोही सिनेमात आहे. आणि उड्डाणाआधी अकरा मिनिटांची सेफ्टी मीटिंग आहे. मी म्हटलं, काका, ही कापू या का? ते इतक्या आश्चर्याने बघायला लागले की मी ती तशीच ठेवली. मीटिंगशिवाय यान उडेल कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

जूनमध्ये शुगर लँडच्या गॅरेजमध्ये गोंद सुकत नाही, वितळतो. अमोघच्या सोंडा एकेक करून गळत होत्या. त्याच्या मरणाच्या प्रसंगात गॅरेजचं दार उघडं होतं आणि शेजारचे आजोबा कुत्रं घेऊन तिसऱ्या चंद्रावरून चालत गेले. जाताना हात हलवून "हाउडी!" म्हणाले. काकांनी तो शॉट ठेवला. "त्या टेकमध्ये अमोघ खरा रडलाय," ते म्हणाले. "असं पुन्हा नाही जमणार त्याला."

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवायचा ठरलं. आणि इथे मी एक गोष्ट केली. त्याच आठवड्यात माझी एका कंपनीत मुलाखत झाली होती आणि तिथले एक मराठी मॅनेजर त्या कार्यक्रमाला येणार होते. ही नोकरी मिळाली नाही तर व्हिसाचं काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. काकांनी पाट्यांत माझं नाव मोठं घातलं होतं, 'छायाचित्रण व संकलन'. आदल्या दिवशी मी ती पाटी काढून टाकली. एक बटण दाबलं, संपलं.

सिनेमा सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं हॉल शांत होता. मग गवताचं यंत्र दिसलं. सेफ्टी मीटिंगच्या चौथ्या मिनिटाला लोक खुर्च्यांच्या पाठी धरून हसत होते, आणि "हाउडी"ला तर बायकांच्या डोळ्यांतून काजळ वाहिलं. मीही हसत होते. अंधारात, शेवटच्या रांगेत, ओढणी तोंडात कोंबून. काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मला त्यांची नुसती पाठ दिसत होती.

दिवे लागले. शिट्ट्या, टाळ्या, हसणं, सगळं एकदम. काका स्टेजवर गेले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "एक चूक झाली आहे." लोक आणखी हसले. काका थांबले. "पाट्यांमध्ये एक नाव राहिलंय. कॅमेरा आणि एडिटिंग करणाऱ्या मुलीचं. फायनल चेक मी करायला हवा होता, तेव्हा चूक माझी. रश्मी, वर ये गं."

इतकी लांब वाट मी आयुष्यात चालले नसेन. ते मॅनेजर तिसऱ्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होते. मी काकांच्या शेजारी उभी राहिले, लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या, आणखी हसले, आणि काकांनी माझं नाव आडनावासकट दोनदा घेतलं. नोकरी मला मिळाली. रुजू झाले त्या दिवशी मॅनेजरनी पहिला प्रश्न विचारला तो त्या सोंडांबद्दल.

पुढच्या शनिवारी टीव्ही बंद होता. काकांनी गॅरेजमध्ये व्हाइटबोर्ड लावला होता आणि वर लिहिलं होतं, 'मूळ कारण'. कामावर बिघाड झाला की पाच वेळा 'का?' विचारतात, तसं ते विचारत होते. लोक का हसले? अमोघच्या परग्रहवासी पोशाखाची झिप दिसली. का दिसली? तो वळला. का वळला? कुत्रं भुंकलं. कुत्रं का भुंकलं, इथे आम्ही अडकलो.

"अहो, मूळ कारण कुत्रं नाही," काकू चहा ठेवत म्हणाल्या. "मूळ कारण तुम्ही. तुम्ही इतके सीरियस असता ना, ते बघून फुटायला होतं माणसाला."

काकांनी ते बोर्डावर लिहून घेतलं. आणि मी, शहाणी, म्हणाले, "मग काका, मुद्दामच विनोदी करू या की पुढचा. लोकांना आवडतंच आहे." त्यांनी तेही बोर्डावर लिहिलं आणि 'ठीक आहे' म्हणाले.

तो दुसरा सिनेमा आम्ही हसवायला केला. झिप मुद्दाम दाखवली, यान मुद्दाम पाडलं, काकांना केळ्याच्या सालीवरून घसरवलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कोणी खोकलं, कोणी फोन पाहिला. मंडळाचे अध्यक्ष येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवून "छान प्रयत्न" म्हणाले. त्यानंतर तीन शनिवार आम्हाला बोलावणं नव्हतं. मला भीती वाटत होती ती एवढीच, की या माणसाला मन लावून काही करायची आता लाज वाटू लागेल. आणि ती लाज लावणाऱ्यांत मी होते. आधी नाव काढून, मग तो शहाणा सल्ला देऊन.

चौथ्या आठवड्यात त्यांचा ईमेल आला. तिसऱ्या सिनेमाची संहिता. त्यात सेफ्टी मीटिंग एकोणीस मिनिटांची होती.

मी फोन केला. "काका, लोक हसतील."

"हसू देत," ते म्हणाले. "मीटिंग लागतेच."

त्या वेळी मला त्यांचा जो अभिमान वाटला तो आजवर उतरलेला नाही. पहिल्यांदा ते निष्पाप होते, लोक हसतील हे त्यांना माहीतच नव्हतं. आता पूर्ण माहीत होतं. तरी त्यांनी इंधनाची नळी पुन्हा तितकीच बिनचूक जोडली, काकूंनी पुन्हा कन्सेंट मागितली, आणि काका कप्तानाच्या खुर्चीत असे बसले की जणू खाली खरोखर पृथ्वी आहे. त्या वर्षी डॅलस-ऑस्टिनहून लोक गाड्या भरून आले. मीटिंग सुरू झाली तशी हॉलमधली पोरं उभी राहिली. आईवडिलांना इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी, मंडळाच्या मराठी शाळेत जांभया देणारी पोरं. पहिला सिनेमा त्यांनी घरी इंटरनेटवर इतक्यांदा पाहिला होता की सगळी उद्घोषणा त्यांना पाठ होती. "दारं बंद! व्हॉल्व्ह बंद! डोकी मोजा!" छतापर्यंत आवाज गेला. एक शब्द चुकला नाही. काका वळून बघत राहिले.

त्यानंतर आणखी चार सिनेमे झाले. प्रत्येकात माझं नाव आहे. मला कोणी विचारलं तर आता मी नातेवाइकांचं वगैरे सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू बॉथेल नावाच्या दूरच्या गावी त्यांच्या मुलीकडे कायमचे राहायला गेले. जायच्या आदल्या आठवड्यात मी गॅरेज आवरायला मदत करत होते. काका जुने प्रेशर गेज वर्तमानपत्रात गुंडाळत होते, मी खोक्यांना टेप लावत होते. नऊ वर्षं मनात ठेवलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. "काका, पहिल्या सिनेमात माझं नाव चुकून राहिलं नव्हतं. मी काढलं होतं. मला लाज वाटली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. गेज गुंडाळणं थांबलं नाही. "मी आधी सगळं दोनदा चेक केलं होतं. नाव होतं तेव्हा."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग मला स्टेजवर का बोलावलंत? शिक्षा म्हणून?"

"छे गं." त्यांनी गेज खोक्यात ठेवला, त्याच्या बाजूला कागद कोंबला. "सगळा हॉल हसत होता. मला तिथे एकट्याला उभं राहवेना. म्हटलं, आपल्यातलं कोणीतरी शेजारी असावं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि पुढचं खोकं स्वतः बंद केलं.

माझ्या नावापुढे पदवी आहे, बरी नोकरी आहे, पुढेमागे आणखीही काही होईल. पण अभिमानाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी हीच सांगेन, की एका दिवाळीत सेफ्टीकाकांच्या शेजारी स्टेजवर मी उभी होते, आणि लोक आम्हां दोघांना हसत होते.