उन्हात ठेवलेला डबा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, बायको म्हणते, सोडा आता. मी सोडत नाही.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील सरकारी नोकरीत बदलून लखनौला आले आणि आम्ही इथलेच झालो. उत्तर प्रदेश पोलिसांत मी दरोगा, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, म्हणून लागलो, इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो. घरी मराठी, थाण्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, हिंदी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी.

तेव्हा मी लखनौबाहेर बख्शी का तालाबकडच्या एका थाण्याचा प्रमुख होतो. तिथे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. मातीने भरलेल्या एका डंपरखाली लाल झेंडी दाखवणारा मजूर सापडला आणि जागीच गेला. अशा वेळी ड्रायव्हर गाडी सोडून शेतातून पळतो, लोक मारतील म्हणून. हा पळाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो प्रेताशेजारी मातीत बसलेला होता आणि एकच वाक्य म्हणत होता, की पाय मी पेडलवरून काढला होता, गाडी तरी पळाली.

आता हे वाक्य प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. माझे शिपाईसुद्धा हसले. वैद्यकीय तपासणीत त्याने दारू प्यायलेली नव्हती. आर.टी.ओ.च्या माणसाने ब्रेक आणि स्टिअरिंग पाहून गाडी ठीक असल्याचं लिहून दिलं. मग ठेकेदाराने दोन साक्षीदार आणले. आदल्या दिवशी झाडाच्या सावलीत बसण्यावरून ड्रायव्हरचं आणि मजुराचं भांडण झालं होतं, असं त्यांनी सांगितलं. भांडण खरंच झालं होतं. झालं, निष्काळजीपणाच्या गुन्ह्यावर सदोष मनुष्यवधाचं कलम चढलं. जामीन नाही, आणि सिद्ध झालं तर आयुष्याची उमेदीची वर्षं तुरुंगात.

ड्रायव्हरने मला विचारलं, "साहब, मारना होता तो बैठा रहता?" मला ते पटलं. पण पटणं हा पुरावा नसतो.

हल्लीच्या अवजड गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते, एक कंट्रोलर असतो. पाय किती दाबला हे तो इंजिनला सांगतो. धूळ, पाणी, हादरे आणि इंजिनची धग सोसायची म्हणून तो डबा आतून रेझिन ओतून घट्ट भरलेला असतो. एकदा वाळलेलं ते रेझिन वितळत नाही. हे मला कंपनीच्या इंजिनिअरने नंतर समजावलं. त्या दिवशी मला इतकंच कळलं, की ड्रायव्हर पेडलची गोष्ट करतोय तर पेडलचा डबा जप्त झाला पाहिजे. तो काढवला, पंचांसमोर पांढऱ्या कापडात शिवला, लाखेची मोहर लावली आणि मालखान्यात, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. प्रयोगशाळेला पत्र गेलं. तिथून उत्तर आलं की रांग मोठी आहे, थांबा.

वरून फोन सुरू झाले. रस्त्याचं उद्घाटन जवळ आलं होतं आणि ठेकेदार मोठ्या लोकांत ऊठबस करणारा होता. आमच्या वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं की ड्रायव्हरविरुद्ध आरोपपत्र या आठवड्यात गेलं पाहिजे. डब्याचा अहवाल येऊ द्या, असं मी म्हणालो. ते हसले. म्हणाले, एका डब्यासाठी सरकारी काम अडवणार का?

बुद्धपौर्णिमेला मी अर्ध्या दिवसाची सुटी टाकली होती. विहारात जायचं होतं, घरी खीर झाली होती. तेवढ्यात मालखान्याच्या हवालदार बाईंचा फोन आला, आणि त्या भलत्याच चिडलेल्या. माझ्या डब्याने त्यांचं कपाट खराब केलं म्हणे. गेलो. पत्र्याच्या छपराची खोली, मे महिन्याचा लखनौचा उन्हाळा, आत भट्टी पेटलेली. वरच्या फळीवरच्या माझ्या पुडक्याचं कापड काळंकुट्ट झालं होतं आणि त्यातून थेंब गळत होते. वास घेतला. डांबर! मोहर शाबूत होती. मी हात लावला नाही. फोटो काढले, पंचनामा केला, कोर्टाला कळवलं आणि कोर्टाच्या हुकमाने तो डबा रांग मोडून प्रयोगशाळेत गेला. खीर राहिली, बायकोची बोलणी मिळाली.

आता रेझिनऐवजी डांबर भरलेला हा नकली माल येतो कुठून? आमचा एक मुखबिर, म्हणजे खबऱ्या, अमीनाबादेत सायकलरिक्षा चालवायचा. त्याला म्हटलं, डांबर कुठे दिसतं का बघ. दोनच दिवसांत तो आला. भांड्यांच्या दुकानामागच्या एका खोलीत रोज डांबर वितळवतात आणि त्या गल्लीत तर रस्ता कधी झालेलाच नाही, असं म्हणाला. छापा घातला. स्टोव्ह, डांबर, रिकामे डबे आणि नामांकित कंपनीचे छापील स्टिकर.

खोलीचा मालक व्यापारी अस्सल लखनवी होता, आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात 'आप' आणि 'हुजूर'. सगळा माल कंपनीचाच आहे, डांबर छपराच्या गळतीसाठी आणलं, असं तो सांगत राहिला. चढ्या आवाजाला तो बधणारा नव्हता आणि हात उचलणं मला मान्य नाही. मारून वदवलेलं कोर्टात उभं राहत नाही, आणि माणूस मार चुकवायला तुम्हाला हवं तेच बोलतो.

मी त्याच्याच माळ्यावरचा एक डबा घेतला, शेजारी अधिकृत दुकानातून आणलेला दुसरा, आणि दोन्ही थाण्याच्या अंगणात उन्हात ठेवले. आम्ही दोघं ओसरीत बसलो, चहा मागवला. मी डब्यांबद्दल एक शब्द काढला नाही. मुलांचं शिक्षण, यंदाचे आंबे, असल्या गप्पा. तो आंब्यांवर बोलत होता आणि नजर अंगणात. रुमाल काढला, मान पुसली. शेवटी म्हणाला, "दरोगाजी, उसे छाँव में रखवा दीजिए।"

मी विचारलं, "कौन से को?"

त्याने आपल्याच डब्याकडे बोट केलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. इंजिनशेजारी वर्षानुवर्षं तापायला बनवलेल्या डब्याला उन्हाची काळजी कशाला? दोघांतल्या एकाचीच का?

त्यानंतर तो भडाभडा बोलला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याच्या बोलण्यावरून मी ठेकेदाराच्या सरोजिनी नगरमधल्या गोदामात पोहोचलो. तसलेच डबे तिथे रचलेले होते. गोदामाच्या मेकॅनिकने न्यायाधीशांपुढे जबाब दिला, की गाडी आपोआप पळते ही तक्रार याच ड्रायव्हरने अपघाताआधी केली होती, आणि ठेकेदाराने त्याला चालवायची नसेल तर घरी बस म्हणून सुनावलं होतं. प्रयोगशाळेचा अहवालही आला. धगीने डांबर सरकलं, आत पाणी गेलं, डबा चुकीचा इशारा देऊ लागला.

वरिष्ठांनी पुन्हा बोलावलं. ठेकेदाराचं नाव वगळा, व्यापाऱ्यावर भागवा. मी उभ्या उभ्या सांगितलं, "सर, आरोपपत्रावर सही माझी असते. खोट्या कागदावर ती होणार नाही. तपास दुसऱ्याला द्यायचा असेल तर तसा लेखी हुकूम काढा." लेखी देण्याची त्यांची छाती झाली नाही. आरोपपत्र ठेकेदार आणि व्यापारी यांच्याविरुद्ध गेलं. पाठोपाठ माझी बदली पोलीस लाइनला झाली, जिथे काम नसतं, फक्त खुर्ची आणि भिंत. बढतीही लांबली. बसलो भिंतीकडे बघत, काय बिघडलं?

ड्रायव्हर सुटला तेव्हा मी साध्या कपड्यांत जेलच्या दाराशी होतो. त्याची बायको त्याला घरी न्यायला आली होती. तो म्हणाला, आधी त्या मजुराच्या घरी जायचंय. मी सोबत गेलो, कारण त्या घरात इतके महिने हेच सांगितलं गेलं होतं की याने भांडणाचा सूड घेतला. विधवा दारात आली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. मला विचारलं, "इसने जानबूझ के नहीं किया?"

मी म्हणालो, नाही. ज्यांनी केलं त्यांची नावं कोर्टात लिहून दिली आहेत.

ती आत गेली आणि त्याच्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन आली. तो लोटा हातात धरून तो माणूस ढसाढसा रडला, आणि मीही तोंड फिरवलं.

नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. आरोपी खोटं बोलतो, हे खरं. पण सगळे आरोपी खोटंच बोलतात असं धरून चाललं की पोलीस आळशी होतो, आणि आळशी पोलिसाकडून वरच्यांना हवं ते लिहून घेता येतं. माझ्याकडून घेता आलं नाही. त्या बाईच्या दारात मला तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देता आलं. ज्यांनी माझी बदली केली, त्यांनी एकदा त्या दारात उभं राहून दाखवावं.