रावसाहेबांचे उभे खिळे

आमचे व्याही रावसाहेब यांच्याविषयी काहीतरी लिहून ठेवा, असं सूनबाई म्हणाल्या. लिहितो. पण आधीच सांगून टाकतो की या गृहस्थाचा मला गेली अकरा वर्षं हेवा वाटत आलाय. तेव्हा मी स्तुती केली तर ती खरी समजा, आणि निंदा केली तर जरा चाळून घ्या.

मी सुतार माणूस. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेही गुरुजींच्या खुर्चीचा पाय मी दुरुस्त करून दिला म्हणून त्यांनी शेवटच्या वर्षी डोळेझाक केली. (खुर्ची त्यानंतरही डुलायची, पण ती गोष्ट मोठी आहे, राहू दे.) मुलगा अनीश शिकला, इंजिनियर झाला, सिंगापूरला बेडोकमध्ये फ्लॅट घेऊन राहिला. मी आणि माझी बायको सुरेखा वर्षातले बरेच महिने त्याच्याकडे असतो. रावसाहेब हे राणीचे, म्हणजे आमच्या सुनेचे वडील. कराडचे. बँकेतून निवृत्त. पत्नी गेल्यापासून तेही दोन-दोन महिने येऊन राहतात. पूर्वी बाप मुलीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही, असं मी एकदा जेवताना सहज बोललो. ते म्हणाले, "खरंय. म्हणून मी चहाच घेतो." सगळे हसले. मीही हसलो, पण मनात टिपून ठेवलं.

आता हेव्याचं एकेक ऐका. शर्टाला रोज इस्त्री. सकाळी इंग्रजी पेपर. खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातला, कॉफीवाला त्यांना लांबून पाहिलं की बिनसाखरेची काळी कॉफी काढून ठेवतो. मी त्याच टेबलाशी सहा वर्षं बसतोय, आणि मला तो अजून विचारतो, "येस अंकल, वॉट यू वॉन्ट?" नातीला, श्रियाला, मी लाकडी बैलगाडी करून दिली. जू, साटी, आख, आरे, सगळं. पोर हरखली. अर्ध्या तासात रावसाहेबांनी त्या गाडीच्या चाकावर तिला गणित शिकवलं, आणि संध्याकाळी आईला इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून सांगते काय, "आप्पाआजोबा इज सो क्लेव्हर लाह!" गाडी कुणाची? माझी. नाव कुणाचं झालं?

एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती. बालपण. माझ्या बालपणाच्या गोष्टी मी घरादाराला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना, बसस्टॉपवरच्या माणसांना सांगितल्यात. रावसाहेबांनी एक सांगितलेली आठवत नाही. लग्नाच्या बैठकीत मी विचारलं होतं, "वडील काय करायचे आपले?" तर म्हणाले, "छोटासा धंदा होता," आणि पाण्याचा पेला उचलला. मी मनाशी म्हटलं, सावकार असणार. लपवतोय बेटा.

तर गेल्या ऑगस्टची गोष्ट. राणी बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल शाळेत लहान मुलांना शिकवते. तिच्याबरोबर क्लेअर म्हणून एक कॅनडाची बाई शिकवते. त्या क्लेअरचे आजोबा तिकडे बर्फात सापळे लावून बीव्हर धरायचे. बीव्हर म्हणजे उंदराच्या जातीचं, पण चांगलं कुत्र्याएवढं जनावर. नदीवर फांद्यांचं धरण बांधतं. इथं बेडोकच्या तलावात पाणमांजरं दिसतात तसंच, पण अंगानं भारी आणि शेपूट वल्ह्यासारखं चपटं. आजोबांनी धरलेल्या एका बीव्हरचं केसाळ कातडं क्लेअरनं मुलांना दाखवायला वर्गात आणलं होतं. आजोबांची तेवढीच वस्तू तिच्याजवळ उरलेली. सुट्टीला जाताना तिनं ते राणीच्या हवाली केलं, राणीनं वर्गातल्या कपाटात ठेवलं, आणि कपाटावरच्या एसीची नळी सुट्टीभर त्यात गळत राहिली.

सोमवारी राणी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन आली. भिजलेली घोंगडी जशी. "अगं, हे काय मेलेलं आणलंय घरात?" सुरेखा ओरडली. राणी रडायला लागली. क्लेअर शुक्रवारी परत येणार होती. चामड्याच्या पिशव्या विकणाऱ्या एका दुकानानं सांगितलं, फेकून द्या. असंच वाळू दिलं तर ते आक्रसून पापडासारखं कडक होतं, मग कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही. अनीशनं इंटरनेटवर शोधलं. तिकडे कॅनडात ही कातडी लंबगोल आखलेल्या फळीवर खिळ्यांनी ताणून वाळवतात.

"फळी?" मी उठून उभाच राहिलो. "फळी म्हणजे माझं काम!"

खोटं कशाला बोलू, सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या मनात लाडू फुटत होते. इथं पेपर वाचून भागणार नव्हतं. रावसाहेब तर त्या कातड्याकडे एकदा बघून खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. मी सुरेखाच्या कानात म्हटलं, "बँकवाल्याला किळस आली."

मंगळवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून जाड प्लायवूड आणलं. दोन खिळे, सुतळीचा फास आणि पेन्सिल, एवढ्यावर असा लंबगोल काढला की अंड्यानं लाजावं. कडा घासल्या. काचकागद मारला. मग कातडं उलटं, म्हणजे केस खाली करून पसरलं आणि मानेपासून सुरुवात करून ओळीनं खिळे मारत निघालो, एकेक खिळा डोक्यापर्यंत आत. सुताराचा खिळा वर राहिला तर गावात तोंड दाखवायला जागा नसते. आमच्या वडिलांनी एकदा खिळा वर राहिलेला पाट लग्नाच्या पंगतीतून परत आणला होता, त्याच्यावर बसलेल्या मामांना उठवून. ते राहू दे. गोल फिरून पुन्हा मानेशी आलो तर तिथं थोडी घडी पडली. तीही दोन खिळ्यांनी दाबली.

"या, बघा!"

"वा बाबा," राणी म्हणाली. श्रिया म्हणाली, "सो नाइस लाह, आबा!" मग मी रावसाहेबांकडे पाहिलं. ते फळीकडे बराच वेळ बघत होते.

"फळी सुंदर झालीय," ते म्हणाले.

"फळी? आणि बाकीचं?"

"मेहनत खूप घेतलीत." आणि गेले पेपर घेऊन. जळतोय, मी म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा माझ्यावर जळतोय. त्या दिवशी मी दोन्ही जेवणांनंतर गाढ झोपलो, इतका सुखावलो होतो.

बुधवारी सकाळी घरभर कुबट वास. कडा वाळून आवळल्या होत्या, मानेजवळ दोन खिळ्यांशी कातडं फाटायला लागलं होतं, आणि मधे बोट लावलं तर गार, चिकट, ओलं. मी खिळे आतपर्यंत ठोकल्यामुळं ते फळीला चिकटून बसलेलं. खालून हवा जायला जागाच नाही. एका कडेला हिरवट बुरशीचे ठिपके. राणी मटकन खाली बसली. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात रावसाहेब आतून आले. शर्टाच्या बाह्या कोपरावर दुमडलेल्या. या माणसाला कोपर आहेत हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"राणी, बादलीत कोमट पाणी आण, मूठभर मीठ टाकून. व्याहीबुवा, खिळे काढा."

"सगळे?"

"सगळे."

"अहो, दीडशेच्या वर आहेत!"

"मग लवकर सुरू करा."

मी खिळे काढले. त्यांनी कातडं मिठाच्या पाण्यात मऊ केलं, निथळवलं, हाताच्या उलट्या बाजूनं चाचपून पाहिलं, कुठं जाड, कुठं पातळ. माझ्याकडून फळीला ड्रिलनं भोकं पाडून घेतली. मग वर डोक्याशी एक खिळा, समोर शेपटीशी एक. डावीकडे एक, त्याच्या समोर उजवीकडे एक.

"ओळीनं नाही जायचं," ते म्हणाले. "समोरासमोर. नाहीतर ते एका बाजूला पळतं. आणि खिळा अर्धाच."

"अर्धा खिळा म्हणजे सुताराची बेअब्रू हो!"

"होऊ द्या आज. खिळे उभे राहिले पाहिजेत. मग कातडं असं वर उचलायचं, खिळ्यांच्या डोक्यापर्यंत. लाकडाची आणि त्याची भेट होऊ द्यायची नाही. मधून वारा गेला पाहिजे." त्यांची बोटं कडेकडेनं फिरत होती, चिमटीत धरून वर, चिमटीत धरून वर. तंबोऱ्याच्या तारा जुळवणारा माणूस बघावा तसं आम्ही बघत होतो.

"आप्पा," राणी हळूच म्हणाली, "तुम्हाला हे कसं येतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझे वडील कातडी कमावायचे. नदीकाठी आमच्या चुन्याच्या कुंड्या होत्या. बाभळीची साल कुटायची, त्या पाण्यात कातडी मुरवायची. शाळेत जायच्या आधी मी शेळ्यांची वीस कातडी फळ्यांवर ताणून जायचो. वास जायचा नाही अंगाचा. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही." एक खिळा त्यांनी अर्धा ठोकला. "बँकेत लागलो त्या दिवसापासून कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईला ठाऊक होतं. तुझ्या लग्नात बोलायचा धीर झाला नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घडीभरच. पण मला कळलं की अकरा वर्षं तो पेपर, ती इस्त्री, ते सगळं माझ्यासमोर, मुलीच्या सासऱ्यासमोर, चाललं होतं.

मला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आहे. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते असं, "मग काल का नाही बोललात? माझे दीडशे खिळे फुकट गेले!"

सुरेखानं मला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. पण रावसाहेब हसले. खो खो हसले.

"काल वाटलं, तुम्हाला जमेल," ते म्हणाले. "तुम्हाला जमलं असतं तर मला बोलावं लागलं नसतं."

त्यानंतर फळी त्यांच्या खोलीत उभी केली. एसी कोरड्या हवेवर लावला, पंखा लांबून. ते स्वतः हॉलमध्ये सतरंजीवर झोपले. दर काही तासांनी फळी फिरवायची, थोडं एरंडेल चोळायचं. गुरुवारी दुपारी त्यांनी कातड्याला टिचकी मारली, कान लावला, आणि म्हणाले, "झालं." मग खुर्चीच्या पाठीवर पुढेमागे ओढून ओढून ते मऊ केलं. मी शेजारी बसून पाहत होतो आणि खरं सांगतो, तेव्हाही हेवाच वाटत होता. मी माझं बालपण साठ वर्षं गल्लोगल्ली वाटत फिरलो, आता कुणी ऐकत नाही. यांनी असलं बालपण पेटीत घालून ठेवलं होतं, कोरं करकरीत!

शुक्रवारी राणीनं क्लेअरला जे झालं ते सगळं सांगितलं, एसीच्या नळीसकट. क्लेअर ते कातडं तोंडाशी धरून उभी राहिली म्हणे. मानेजवळच्या दोन फाटलेल्या जागा तिनं पाहिल्या (त्या माझ्या) आणि म्हणाली, चालेल. मग म्हणाली, ज्यांनी हे वाचवलं त्यांना वर्गात बोलव, मुलांना फळी दाखवतील.

रावसाहेब म्हणाले, "फळी यांची आहे. यांना ने." आणि मी हो म्हणणार होतो! एकट्यानं जायला! सुरेखानं डोळे वटारले तेव्हा कुठं म्हटलं, "नाही, नाही, दोघंही जाऊ."

वर्गात वीस-बावीस मुलं सतरंजीवर मांडी घालून बसलेली. मी फळी धरून उभा. गावच्या शाळेपासून सुरुवात करून छान पंधरा मिनिटांचं बोलणं मी तयार करून गेलो होतो, राणी इंग्रजी करणार होती. पण आधी रावसाहेबांनी खिळे दाखवले, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तुम्हाला हे कुणी शिकवलं?

"माय फादर," रावसाहेब म्हणाले.

नाव काय त्यांचं?

रावसाहेब थांबले. मग म्हणाले, "संतराम." मुलीला ते नीट म्हणता येईना, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि राणीनं ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. ती सगळी मुलं एका सुरात ते नाव वाचत होती. रावसाहेब फळ्याकडे बघत राहिले.

मग कुणीतरी मला विचारलं, आणि तुम्ही? माझी पंधरा मिनिटं गेली. "आय मेड बोर्ड," एवढंच म्हटलं.

परत येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मला राहवेना.

"कुंड्या किती होत्या हो तुमच्या?"

"सात."

"आमच्या वडिलांकडे नऊ पटाश्या होत्या."

"मग तुमच्या दोन जास्त झाल्या," रावसाहेब म्हणाले, आणि पहिल्या कुंडीपासून सांगायला लागले. पुरात ती कशी वाहून गेली, आणि वडील तिच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात कसे धावले. बेडोक येऊन गेलं तरी आमच्या ध्यानात आलं नाही; शेवटच्या स्टेशनवर उतरून परतीची गाडी धरावी लागली. घरी सुरेखा विचारते, इतका उशीर का? काय सांगू तिला? वाईट एवढंच वाटतं की माणूस गोष्टही माझ्यापेक्षा चांगली सांगतो.