गोठ्याच्या उंबऱ्याची शिळा

आमचे मामंजी, बेरदिया, गवंडी होते. क्वाखिदीच्या किल्ल्याखालच्या आमच्या गावात त्यांच्या हातची भिंत खचल्याचं कुणाला आठवत नाही. एका हिवाळ्यात हिमकडा कोसळला आणि आमचा गोठा दबला. बर्फात दगड मिळेना. मामंजी किल्ल्यावर गेले, पडक्या दरवाजावरची रुंद शिळा काढली आणि उतारावरून घसरत आणली. तिच्यावर जुन्या लिपीतली अक्षरं होती. मामंजींनी ती उंबऱ्याला बसवली, अक्षरं वरच्या बाजूला. गायींचे खूर घसरू नयेत म्हणून.

मी लग्न होऊन आले त्याच उन्हाळ्यात राजधानीहून, तिबिलिसीहून, दारेजानबाई आल्या. किल्ला सात-आठशे वर्षांचा, पण बांधला कुणी, ते त्यांना शोधायचं होतं. दरवाजावर लेख होता, एवढं एका जुन्या टिपणात त्यांना सापडलं होतं.

"बेरदियाकाका, कुठे गेली असेल हो ती शिळा?"

"गेली असेल हिमकड्याबरोबर नदीत," मामंजी म्हणाले.

बाईंनी नदी धुंडाळायला घेतली, आणि मदतीला मामंजींनाच नेलं. सगळा उन्हाळा दोघं त्या गार पाण्यात दगड उलथत होती. दुपारी बाई आमच्याकडे जेवायला यायच्या, गोठ्यावरूनच. उंबऱ्यावर शेणाचा थर असायचा.

सासूबाई एकदा कडाडल्या, "बिचारीचे पाय निळे पडलेत! सांगून टाका ना."

"सरकारी किल्ला आहे तो. उचलून नेतील मला."

"नेऊन करतील काय? तिथेही भिंतीच बांधाल!"

मामंजी हसले नाहीत. सांगितलंही नाही.

तीन वर्षांनी बाईंचं पुस्तक आलं. मीच वाचून दाखवलं: बांधणारा अज्ञात, आणि सुरुवातीच्या आभारांत, बेरदियांच्या मदतीवाचून हे काम झालं नसतं. मामंजी ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते गोठ्यात मागच्या, शेण काढायच्या झरोक्यातून वाकून जायचे. गायी मात्र उंबऱ्यावरूनच.

पुढे अठरा वर्षांनी सासूबाई गेल्या. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मामंजींनी पहार घेतली, शिळा उपटली, धुतली. दगड मऊ जातीचा, खुरांनी पार गुळगुळीत झालेला. मला म्हणाले, "बाईंना पत्र लिही. सगळं लिही."

बाई काठी टेकत आल्या. कितीतरी वेळ शिळेवरून बोटं फिरवत राहिल्या.

"मी पहिल्यांदा आले तेव्हा वाचता येत होतं?"

"मला लिपी येत नाही, बाई. पण अक्षर न् अक्षर उठून दिसत होतं."

बाईंनी कागद ठेवून कोळसा घासला. सात अक्षरं उमटली. त्यांत बांधणाऱ्याचं नाव नव्हतं.

"शिव्या तरी घाला मला," मामंजी म्हणाले.

"शिव्या घालून काय वाचता येणार आहे, काका?" त्यांनी कागद गुंडाळला. मी पानं मांडली होती, त्या जेवल्या नाहीत.

त्या वर्षीच्या जत्रेत बिअरचा मानाचा पहिला पेला मामंजींच्या हाती आला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. लोक खो खो हसले. "अहो, आमची चूलसुद्धा किल्ल्याचीच! निम्मं गाव तिथल्याच दगडांचं!"

मामंजींनी पेला तसाच शेजाऱ्याला दिला. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. कामाला बोलावणं यायचं. पण भिंत सरळ बघायचा ओळंबाच दुसऱ्याला देऊन टाकला होता त्यांनी.