तळपायातला बदलीयोग

सिल्वासात डेप्युटेशनवर आलेला माणूस सामान उतरवतानाच परतीच्या बदलीचं बोलायला लागतो. ऐंशीच्या दशकात डोकमर्डीच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तर दुसरा विषयच नव्हता. सकाळी दुधाच्या आधी बदलीची बातमी यायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोटी ठरायची. आमचे हे कचेरीत कारकून, मूळचे कोकणातले. बदली मागितली होती मुंबईला.

यांच्या डाव्या टाचेला मसुराएवढा काळा तीळ होता. शेजारचे हेडक्लार्क, म्हणजे आमचे भाऊजी, लोकांचे हात बघायचे, पाय बघायचे, समोरची फाइल सोडून सगळं बघायचे. एका रविवारी त्यांनी तो तीळ बघितला आणि निकाल दिला, की तळपायाला तीळ म्हणजे प्रवासयोग, बदली नक्की. झालं! तीळ बघायला माणसं यायला लागली आणि माझं चहाचं आधण उतरेना. पुढे तीळ पसरायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. भाऊजी म्हणाले, योग बळावतोय. चिंचोक्याएवढा झाला तेव्हा तर बदली दमणवर भागणारी नव्हती, थेट मुंबईचीच ठरली.

मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू. तर हे म्हणाले, डॉक्टरने कापून टाकला म्हणजे? हातचा योग जायचा. चांगला बी. कॉम. झालेला माणूस! माझं डोकंच फिरलं. एके दिवशी मोज्याला रक्त लागलं, तेव्हा मात्र मला धडकी भरली. भाऊजींना त्यातही शुभच दिसलं. मंगळ जागा झाला म्हणे.

मग मी सरळ थाप मारली. नळावर ऐकलं म्हटलं, बदलीच्या आधी फिटनेस सर्टिफिकेट लागतं आणि डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. नळावरची बातमी कचेरीतल्यापेक्षा पक्की, हे सगळ्यांनाच मान्य होतं. दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून सरकारी दवाखान्यात हजर. मी बरोबर होतेच. डॉक्टरांनी छाती तपासली. पायही बघा, मी म्हटलं. यांनी कोण हौसेने मोजा काढला. डॉक्टरांनी बॅटरी लावून टाच बघितली, जांघेत चाचपलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"उद्याच मुंबईला जा," ते म्हणाले.

हे माझ्याकडे बघून हसले. बदलीच झाली असं वाटलं त्यांना.

मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. आपल्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली निघतो, जिथे कोणी बघत नाही, म्हणाले. आमच्याकडे तर अख्खी कॉलनी चहा पीत बघत होती! इतके महिने कशाची वाट बघत होता, त्यांनी विचारलं.

"बदलीची," हे म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.

टाचेचा मोठा तुकडा कापला, तिथे मांडीचं कातडं लावलं, जांघेतल्या गाठी काढल्या. घरी आलो तर भाऊजी दारात उभे. मुंबई घडली की नाही, योग खरा ठरला, म्हणाले. मी त्यांना तिथेच असं काही झापलं, की महिनाभर ते आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचे.

मग एका दुपारी मोजे हातात घेऊन आले. अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ दिसतेय, वहिनी जरा बघता का, म्हणाले. मी दार लावूनच घेतलं असतं. हे मात्र कुबडी भिंतीला टेकवून खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो बरोबर."

भाऊजींची रेघ म्हणजे उंबऱ्याला लागलेली जुनी ठेच निघाली. यांच्या जांघेतली गाठ पुढच्या वर्षी परत आली, आणि हे गेले. बदलीचा हुकूम काही आला नाही.

भाऊजींकडे लोक पुढेही पाय घेऊन येतच राहिले. यांच्या जागी मला कचेरीत घेतल्यामुळे क्वार्टर सुटलं नव्हतं, आणि भाऊजी आमच्याच ओट्यावर बसायचे. लोक यायचे बदलीचं विचारायला. भाऊजी नीट बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. काही काळं दिसलं की म्हणायचे, "योग आहे. दवाखान्याचा. चला, मी येतो बरोबर."

माझ्या हातात चहाची किटली असायची. मला यांची अशी आठवण यायची, की कपात ओतायचं राहूनच जायचं.