सामानापाशी कुमुदकाकू

आमच्या सोसायटीतल्या कुमुद गुप्ते यांनी अर्धा भारत बाहेरून पाहिला आहे. आग्रा, म्हैसूर, उदयपूर, हैदराबाद. प्रत्येक ठिकाणी फाटकापर्यंत. तिथून पुढे बाकीचे जातात आणि काकू म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते सामानापाशी." जयपूरचा हवामहल सगळेच रस्त्यावरून बघतात. तेवढा एक त्यांचा पूर्ण झाला.

मला विचाराल तर त्या माझी मैत्रीण. त्यांना विचाराल तर मी पनवेलमधला सर्वांत रिकामा मुलगा. मराठी घेऊन एम.ए. केल्यामुळे दोन्ही खरं आहे.

हे फाटकाचं कळलं तेव्हा मी हादरलो. घरी जाऊन निबंध लिहिला. त्यात 'परीघ' हा शब्द दर परिच्छेदात होता. काकूंना वाचून दाखवला. त्या मेथी निवडत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण मग सामानापाशी कोण बसणार ते लिहिलंच नाहीस."

त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

मेथी निवडता निवडता त्या गोवळकोंड्याबद्दल बोलल्या. त्यांच्या यजमानांचा, चारुदत्तकाकांचा, भाऊ सिकंदराबादला असतो. त्यामुळे गुप्ते मंडळी तिथे बऱ्याचदा गेलेली. त्या किल्ल्याची एक गंमत आहे. खाली दरवाजाच्या घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली, की पार वर, डोंगराच्या टोकावरच्या बारादरी नावाच्या महालात ऐकू येते. दर वेळी सगळे वर जायचे. काकू खाली. वर पोचले की काका फोन करायचे, "कुमुद, वाजव!" आणि उतरल्यावर म्हणायचे, "काय खणखणीत आली!"

"ती वरून कशी ऐकू येते, एवढं एकदा ऐकायचंय रे," काकू म्हणाल्या. "बाकी राजवाडे वगैरे राहिले तर राहिले."

पुढच्या महिन्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नंतर चालाल छान, पण किल्ले विसरा. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"मी येतो," मी म्हणालो. "मी बसतो सामानापाशी."

वाक्य संपल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो पळस्प्याच्या फाट्यापर्यंत टिकला. तिथे हैदराबादची बस पकडायची होती आणि न्हावा शेव्याचे कंटेनर धूळ उडवत जात होते. मी एका पिशवीवर बसलो.

"अरे, ऊठ! त्यात चिवडा आहे," काकू म्हणाल्या. "मऊ पिशवीवर बसायचं. कडक पिशवीला पाय टेकवायचा. पट्टा मनगटात. आणि पुस्तक आत ठेव, पुस्तक वाचणाऱ्याचं सामान पहिलं जातं."

"त्याला शिकवू नकोस," काका म्हणाले. ते न्हावा शेव्याच्या एका शिपिंग एजन्सीतून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान हलवल्यामुळे स्वतःचं उचलत नाहीत. "एम.ए. आहे तो."

"म्हणूनच शिकवतेय."

त्यांची मुलगी रुचिरा हसली. मीही हसलो. मला वाटलं, हे गमतीत चाललंय.

गोवळकोंड्याला रिक्षातून उतरलो तेव्हा आमच्याकडे एका दिवसापुरतं सामान होतं. पोळी-भाजीचे डबे, थर्मास, सतरंजी, छत्र्या, काकांची औषधं, रुचिराने चारमिनारला घेतलेल्या चादरी, आणि वरती गार वारा सुटला तर म्हणून मे महिन्यात स्वेटर. घुमटाच्या बऱ्याच अलीकडे एक कडुलिंब होता. तीच काकूंची जागा. त्यांनी ती मला दाखवली, जसं कोणी नव्या सुनेला देवघर दाखवतं.

"कशी वाजवणार?" त्यांनी विचारलं. "इथे सगळेच वाजवतात."

खरंच होतं. गाइड वाजवत होते, मुलं वाजवत होती, एक नवं जोडपं एकमेकांसाठी वाजवत होतं.

"आरतीची वाजवतो," मी म्हणालो. "शेवटी सगळे जलद वाजवतात ती. तशी इथे कोण वाजवणार?"

काकूंना ते पटलं. त्यांनी पदर खोचला, रुचिराचा हात धरला आणि काकांच्या मागोमाग पहिली पायरी चढल्या. निबंधाचा शेवट सुचला.

बराच वेळ गेला. मग रुचिराचा फोन आला. "पोचलो. आईला धाप लागलीय, पण उभी आहे कठड्याशी. वाजव."

मी कडुलिंबाखाली उभा राहून वाजवली. मनापासून वाजवली.

"काही नाही आलं," काकूंचा आवाज आला. "इतरांच्या येतायत. तुझी कुठाय?"

पुन्हा वाजवली. पुन्हा नाही. मग लक्षात आलं. टाळी घुमटाखालीच वाजवावी लागते, आणि घुमट तिकडे, सामान इकडे. सामान सोडून जाता येत नाही. सामान घेऊन गेलं तर टाळीला हात उरत नाहीत.

"काकू," मी विचारलं, "तुम्ही कशी वाजवायचात? सामान कोणाकडे देऊन?"



"मी कुठे वाजवायचे," काकू म्हणाल्या. "सामान सोडून कशी जाणार? हे फोन करायचे, मी हो म्हणायचे. तेवढ्यात तिथे कोणीतरी वाजवायचंच. ह्यांना ऐकू यायची. खूश असायचे. कशाला मन मोडा?"

मागून काकांचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी कोणाची टाळी ऐकत होतो?"

"असेल कोणाची तरी," काकू म्हणाल्या. "अहो, बसा जरा. पाणी प्या."

मी कडुलिंबाला टेकलो. काकू किल्ल्यात कधी गेल्या नव्हत्या हे मला माहीत होतं. टाळीतही त्या कधी नव्हत्या, हे माझ्या निबंधात नव्हतं.

"निनाद," काकू हळूच म्हणाल्या, "राहू दे. इतरांची ऐकली मी. तशीच असणार."

"थांबा. खाली उतरू नका," मी म्हणालो.

मी फोन खिशात टाकला आणि सगळं अंगावर चढवलं. चादरी पाठीवर, थर्मास गळ्यात, पिशव्या दोन्ही खांद्यांवर, छत्र्या काखेत, चिवड्याची पिशवी दातांत. घुमटाखाली पोचलो तेव्हा लोकांनी आपोआप जागा दिली. सामान पायांभोवती रचलं आणि मधे उभा राहिलो. वॉचमन ओरडत आला, "ए भाई, दुकान लगाया क्या?" मी नमस्कार केला आणि त्याच हातांनी सुरुवात केली.

बाजूला एक मराठी सहल उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका आजोबांचे हात हलले. मग बायकांचे. आरतीची टाळी सुरू झाली की मराठी माणसाला गप्प उभं राहता येत नाही. क्षणात सगळी सहल वाजवायला लागली. कोणीतरी डोळेही मिटले. माझी एकट्याची टाळी त्या गडगडाटात बुडाली. सामानाच्या ढिगात उभा राहून मी हात आपटत होतो आणि मला रडू येत होतं. आता त्यांना कसं कळणार?

फोन वाजला. मी थांबलो आणि तो स्पीकरवर टाकला. सहलही थांबली.

"आली!" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आली रे, आली!"

"काकू, ते सगळे होते," मी म्हणालो. खोटं बोलवेना. "एक अख्खी सहल वाजवत होती. माझी ऐकू आली नसणार."

"तुझीच ऐकली. सगळ्यांचा ताल बरोबर आणि एकाचा मधेच चुकतोय. सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी आम्ही सगळे तुझ्याकडे बघायचं टाळतो."

टोपीवाले आजोबा सहानुभूतीने मान हलवत होते.

"आता एकटा वाजव," काकू म्हणाल्या. "त्या लोकांना थांबव. आणि घाई करू नकोस, मी बसलेय इथे."

मी सहलीला हात जोडले. वॉचमनलाही जोडले. तो बाजूला झाला. मी वाजवली.

"परत," काकू म्हणाल्या.

मी परत वाजवली.