कांजीची परीक्षा

एक प्रकरण असं आहे, ज्याची आठवण आली की मला आधी एका माणसाचे आभार मानावेसे वाटतात. तपासाचा विचार नंतर येतो. नावं कोणाचीच देत नाही.

परळच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. एका संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. दादरच्या एका शाळेतल्या शिक्षिका अर्धा ग्लास सायडर पिऊन कोसळल्या होत्या. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस यीस्ट घालून, आंबवून केलेलं सौम्य मद्य. लालबागमधल्या एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये एक तरुण बाई रीतसर परवाना घेऊन ते बनवत असत. शिक्षिका त्यांची मैत्रीण. त्यांना लहानपणापासून गव्हाची अ‍ॅलर्जी होती, म्हणून धान्यापासून बनणाऱ्या बिअरला त्या हात लावत नसत. सायडरमध्ये गव्हाचा कणही नाही, असं मालकीणबाई शपथेवर सांगत होत्या.

"अ‍ॅलर्जीसारखं दिसतंय, पण गहू नसेल तर विषबाधाही नाकारता येत नाही. नेमकं काय पोटात गेलं ते कळवा," डॉक्टर म्हणाले. शिक्षिका अतिदक्षता विभागात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "तिथल्या कामगारानेच यीस्टमध्ये काहीतरी मिसळलंय. मालकिणीशी भांडण झालंय त्याचं." एवढं बोलून फोन बंद. ड्यूटीवरच्या हवालदाराने शब्दन् शब्द स्टेशन डायरीत उतरवून घेतला.

भांडण झाल्याचं मालकीणबाईंनीही कबूल केलं. कामगाराला आणलं. पंचावन्नच्या पुढचा, चिंचपोकळीच्या चाळीतला, मूळचा मालवणकडचा माणूस. माझ्या उपनिरीक्षकाने आवाज चढवला, मीही अरे-तुरेवरच होतो.

"काय मिसळलंस? खरं सांग."

त्याने उलट मलाच विचारलं, "सायबानू, ती बाई कशी आसा?"

"ते आम्ही बघू. तू उत्तर दे."

"मी काय एक मिसळूक नाय. नव्या पुडयेचो वास येगळो इलो, म्हणान आठ दिस अगोदर बाईंका सांगितलंय. त्यांनी ऐकूक नाय. ताच भांडान."

तीन तास त्याचं उत्तर बदललं नाही. पुष्कळ वर्षांच्या नोकरीत एक पाहिलं होतं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशील वाढवत जातो. हा तेवढंच आणि तसंच सांगत होता. मी त्याला घेऊन शेडवर गेलो.

नव्या यीस्टच्या पुडीवर घटक छापले होते: यीस्ट आणि सॉर्बिटन मोनोस्टिअरेट. हा दुसरा पदार्थ सुक्या यीस्टचे दाणे पाण्यात नीट फुलावेत म्हणून घालतात, आणि तो निर्धोक असतो, असं मालकीणबाईंनी सांगितलं. पंचांसमोर नमुने सील केले. तेव्हा कामगार म्हणाला, "टिंचर आसा काय तुमच्याकडे? पिठाक टिंचर लागला की काळानिळा पडता. बापूस गिरणीत सायझिंग खात्यात होतो, सुताक कांजी लावीत थय. ती कांजी असाच तपासत."

गाडीतल्या औषधाच्या पेटीत टिंक्चर आयोडीन होतं. जुन्या आणि नव्या पुडीतलं उरलेलं यीस्ट दोन पेल्यांत पाण्यात कालवलं आणि थेंब टाकले. जुनं तपकिरीच राहिलं. नवं बघता बघता शाईसारखं झालं.

ही काही पक्की तपासणी नव्हती. तरी मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "यीस्टमध्ये पीठ मिसळलेलं दिसतंय. बहुतेक मैदा." "मग विषाचा संशय सोडतो. आता काय करायचं ते ठाऊक आहे," ते म्हणाले. मालकीणबाईंनी त्याच तासाला बाहेर गेलेल्या सगळ्या बाटल्या परत मागवायला घेतल्या.

परतल्यावर मी स्टेशन डायरी पुन्हा उघडली. सकाळी दोष यीस्टमध्ये आहे हे आम्हाला, डॉक्टरांना, कोणालाच माहीत नव्हतं. मग फोन करणाऱ्याला कसं माहीत? माग काढला, तर फोन आला होता चिंचपोकळीच्या एका गाळ्यातून. यीस्ट पुरवणारा व्यापारी तिथेच बसायचा. आत बेकरीच्या यीस्टच्या गोण्या, त्यात मिसळायचा मैदा आणि छापलेल्या रिकाम्या पुड्या सापडल्या. बाई कोसळल्याचं कळताच त्याने संशय दुसऱ्यावर ढकलायला फोन केला होता. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. गहूच होता.

शिक्षिका चौथ्या दिवशी घरी गेल्या.

मी त्या कामगाराच्या खोलीवर गेलो. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. "तुमच्याशी चुकीचं वागलो, माफ करा," मी म्हणालो. ते संकोचले. मग मी विचारलं, "आम्ही तुम्हालाच आरोपी धरून बसलो होतो. तरी तुम्ही मदत कशी केलीत?"

त्यांना प्रश्नच नीट कळला नसावा. माझ्याकडे बघत म्हणाले, "ती बाई थयसर पडलेली. डॉक्टरांका कळाक नको, काय झाला ता?"

मी गुन्हेगार शोधत होतो. ठाण्यात त्या दिवशी 'ती बाई कशी आसा' असं आधी विचारणारा, रोग्याची काळजी करणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच मी बाकावर बसवून ठेवलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणाचाही जबाब घेताना मी पहिले काही क्षण गप्प बसत असे, समोरचा आधी काय विचारतो ते ऐकायला. ही सवय मला त्यांनी लावली. त्यांचा मी ऋणी आहे.